कळशीचं वजन कोणी धरत नाही

मला बसून लिहिता येत नाही. ओट्यावर वही ठेवून उभ्यानेच लिहिते आहे. मधेच कुकरची शिट्टी होते, मधेच कोणीतरी "आहेस का गो?" म्हणून हाक मारतं, आणि खरं सांगायचं तर कोणी हाक मारली नाही तरी मी दर दोन ओळींनंतर दारापर्यंत जाऊन येते. स्वभावच तसा. फिजिओथेरपीच्या शिंदे मॅडम मागे लागल्या म्हणून हे लिहायला घेतलं. त्या कोल्हापूरकडच्या, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "काकू, ऑपरेशन झालेल्या बायका येतात न् हातात पाण्याची बाटली धरायलासुद्धा घाबरतात. मी कितीदा सांगितलं तरी पटत नाही. तुम्ही सांगा की." तेव्हा ज्यांच्या अंगावर हे नुकतंच आलं आहे त्यांच्यासाठी लिहिते. डॉक्टरी माहिती माझ्याकडे मागू नका. ती डॉक्टरांना विचारा, आणि नीट उत्तर मिळेपर्यंत त्यांच्यासमोरून हलू नका.

माझं नाव शैला. रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर, खाडीच्या काठाला आमचं गाव. नवरा बोटीवर असतो. मालवाहू बोटीवर बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. नाव विलास. घरी मी त्यांना अहोच म्हणते, पण लिहिताना नाव घेते. नाहीतर "हे आले, हे गेले" करून तुमचा गोंधळ व्हायचा. मुलगी पुण्याला नोकरीला. शेजारच्या घरात मोठे दीर आणि जाऊबाई. जाऊबाईंना मी वहिनी म्हणते.

उडीद

छातीतली गाठ आंघोळ करताना हाताला लागली. डाव्या बाजूला. दुखत नव्हती, म्हणून मी तिला महत्त्व दिलं नाही. आंब्याची घाई होती. घाई संपली, तरी गाठ होती तिथेच होती.

रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी सकाळी मी उडीद भिजत घालून गेले होते. बरोबर वहिनी होत्या. डॉक्टरांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे पाहिलं आणि विचारलं, "यांच्याबरोबर कोण आलंय?" मी म्हटलं, "काय असेल ते मला सांगा. छातीही माझीच आहे ना?" मग त्यांनी सांगितलं.

लोक म्हणतात, पायाखालची जमीन सरकली. माझी सरकली नाही. मला फक्त तिथून धावत सुटावंसं वाटलं. रिक्षात बसवेना म्हणून गावाच्या अलीकडेच उतरले आणि चालत निघाले. मागून वहिनी धापा टाकत, "अगो, जरा थांब गो बाय, माजा जीव जाईल!" मी थांबले नाही. घरी येऊन साडी न बदलता उडीद मिक्सरला लावले आणि मिक्सरच्या आवाजात पोटभर रडून घेतलं. उडीद इतके वाटले गेले की त्यांचं पार पाणी झालं. वहिनींनी ते मुकाट्याने उचलून नेलं आणि कसे कुणास ठाऊक, त्याचे घावन घालून आणले.

विलास तेव्हा समुद्रात होते. निरोप पोचायला वेळ लागला. पुढच्या बंदरात उतरून ते परत आले, तेव्हा दाढी वाढलेली आणि बॅगेत माझ्यासाठी आणलेली चॉकलेटं विरघळून एकमेकांना चिकटलेली. त्यांनी चॉकलेटं फ्रिजमध्ये ठेवली.

घाटापलीकडे

ऑपरेशन कोल्हापूरला झालं. डावी बाजू काढली, काखेतल्याही गाठी काढल्या. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा कळलं ते हे, की अंगाला एक नळी आहे, नळीला बाटली आहे, आणि ही बाटली घेऊनच हिंडायचं. इतर बायका हिंडायच्या नाहीत. मी एका कापडी पिशवीत बाटली घातली, पिशवी गळ्यात अडकवली आणि वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लागले. नर्स ओरडायची, "मावशी, बसा की घटकाभर!" बसलं की डोक्यात नको नको ते यायचं. मी मेले तर मुलीचं लग्न कोण करेल इथपासून ते वहिनींना माझं तांब्याचं घंगाळ मिळालं तर त्या ते चिंचेने घासतील की नाही, इथपर्यंत.

तिथे एक आया होत्या. त्यांनी माझी ती अवस्था पाहिली आणि एका दुपारी धुतलेल्या चादरींचा गठ्ठा माझ्या खाटेवर आणून टाकला. "उजव्या हातानं घड्या घाला," म्हणाल्या. मी घातल्या. मग रोजच त्या गठ्ठा आणून टाकायच्या. त्या बाईंचं माझ्यावर फार मोठं ऋण आहे. पुढे केमोच्या फेऱ्यांत केस गेले, चव गेली, नखं काळी पडली, घाटातल्या प्रत्येक वळणावर पोट ढवळलं. पण त्या सगळ्यात मला आठवतात त्या ताज्या धुतलेल्या चादरी.

सगळे माझे हात

घरी आले आणि खरा आजार सुरू झाला.

दवाखान्यात घरी सोडताना सांगितलं होतं की या हाताने एकदम जड काही उचलायचं नाही, सूज येऊ शकते. "एकदम" आणि "जड" हे दोन शब्द घाटात कुठेतरी पडले. गावात पोचलं ते एवढंच, की शैलाने काही उचलायचं नाही. मी तांब्या उचलला की वहिनी धावत यायच्या. "नको गो हात लावू. मी हाय ना." सूप घेतलं की सूप काढून घ्यायच्या. भाजीची पिशवी, ओला पंचा, देवाची समई, काहीही. आणि घरात विलास. त्यांनी घराची बोट करून टाकली. पहाटे चहा, मग फरशी, मग भांडी. सगळं वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे. पडवी तर रोज डेकसारखी धुऊन काढायचे. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना त्यांनी चिठ्ठ्या लावल्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ज्या डब्यात रवा आहे, त्याच्यावर "रवा".

मी खुर्चीत. डावा खांदा वर चढलेला, अंग एका बाजूला कललेलं. फडताळाच्या वरच्या खणापर्यंत हात जात नव्हता. एकदा कोणी बघत नाहीसं पाहून ओली साडी दोरीवर टाकायला गेले, तर ती अर्ध्यातून माझ्याच डोक्यावर पडली. ओल्या साडीखाली उभी राहून मी खूप शिव्या दिल्या. कोणाला, ते नीट सांगता येणार नाही.

कंपनीच्या एजंटचा फोन यायचा. विलास पडवीत जाऊन बोलायचे. "अजून नाही. घरी अडचण आहे." ती अडचण म्हणजे मी. फोन ठेवला की ते खाडीच्या तोंडापर्यंत चालत जायचे आणि बाहेरच्या समुद्राकडे बघत उभे राहायचे. लहान वयात बोटीवर चढलेला माणूस. जमिनीवर त्यांना झोप लागत नाही, भात बेचव लागतो, आणि चार माणसांत बसलं तरी ते एकटे पडतात. मला दिसत होतं की माझ्या हाताच्या जोडीने तेही सुकत चालले आहेत. मी एक दिवस विचारलं, "कधी जाणार?" ते म्हणाले, "तू एकटी राहू शकशील तेव्हा." मग मी ठरवलं, एकटी राहायचं. मला त्यांना बोटीवर पाठवायचं होतं. त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त माझ्यासाठी. ते परत गेले तरच मी बरी झाले, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

बाटली

शिंदे मॅडमनी पहिल्या दिवशी मला दोन्ही हात वर करायला सांगितलं. उजवा गेला, डावा अर्ध्यात अडला. "हाताला काय काम देता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, उचलायचं नाही ना. "कुणी सांगितलं?" "सगळ्यांनी." मॅडमनी टेबलावरची पाण्याची छोटी बाटली माझ्या डाव्या हातात दिली. मी ती लगेच परत ठेवायला निघाले. वजनाने नव्हे, भीतीने. मला वाटलं आता सुजणार, आता काहीतरी फुटणार. काहीही झालं नाही. मी घरी येईपर्यंत शंभरदा हात बघितला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. हात वापरला नाही तर कमजोर होणार, आणि कमजोर हाताला ओल्या साडीचंही ओझं होणार. म्हणून थोडं थोडं वजन, ठरवून, वाढवत न्यायचं; हाताला दाबून बसणारी बाही घालून. आणि नुसता डावा हात नाही, सगळं अंग. माणूस ढकलतो, ओढतो, बसून उठतो, खालून उचलतो आणि उचललेलं घेऊन चालतो. हे सगळं प्रत्येक वेळी थोडं थोडं व्हायला हवं. एकाचीच हौस करायची नाही. सुरुवात डाव्या हाताने करायची, आणि तो दमला की उजव्यानेही तितक्यावरच थांबायचं. उजव्याला कितीही खुमखुमी असो. माझा उजवा हात आजवर कोणासाठी थांबला नव्हता, त्यामुळे त्याला हे अपमानास्पद वाटलं.

मॅडमच्या सांगण्यावरून शहरातल्या एका जिममध्ये बायकांच्या वेळेलाही जाऊन आले. चहूकडे आरसे, गाणी लागलेली, आणि मी सलवार-कमीज घालून, डोक्यावर नुकते उगवलेले केस. तिथल्या ट्रेनर मुलीने विचारलं, "काकू, किती वजन कमी करायचंय?" मी म्हटलं, "वाढवायचंय. उचलायचं." ती हसली आणि तिने मला पाठ सरळ ठेवून, कंबरेतून वाकून जमिनीवरचं ओझं कसं उचलायचं ते दाखवलं. जन्मभर ओझी उचलली, पण असं वाकायला कोणी शिकवलं नव्हतं. जिम मला आवडली. पण एसटीच्या वेळा जमेनात, म्हणून घरीच मांडायचं ठरलं.

विलासना काम मिळालं! त्यांच्या तोंडावर मी कित्येक महिन्यांनी रंग पाहिला. खाडीवरून रेती आणली, रिकाम्या बाटल्या भरल्या, आंब्याच्या काट्यावर मोजल्या. विहिरीवरची जुनी कप्पी पडवीच्या वाशाला बांधली, दोराच्या एका टोकाला रेतीचा डबा आणि दुसऱ्या टोकाला मूठ: ते माझं ओढायचं मशीन. दाराला रबरी पट्टा. भिंत ढकलायला. खुर्ची उठाबशांना. जमिनीवरून उचलायला बादली, तिची कडी कापडाने गुंडाळलेली. आणि पुठ्ठ्यावर तक्ता: सोमवार, बुधवार, शुक्रवार वजनं, मधल्या दिवसांवर मोठ्या अक्षरात "विश्रांती". तो तक्ता फ्रिजवर लागला.

मी भराभर सुधारले. साडी दोरीवर गेली, फडताळाचा वरचा खण गाठला. वहिनी पडवीत येऊन बसायच्या आणि डबा वर-खाली होताना बघत म्हणायच्या, "या डब्यात पानी असता तर सगळी कलमा शिपून झाली असती गो!"

विश्रांतीचे दिवस

आणि मे महिना आला. ज्यांचं घर कोकणात आहे त्यांना सांगायला नको. पावसाळ्याची बेगमी म्हणजे एकेका घरात चार घरांचं काम. विलास दिवसभर दिरांबरोबर वर सड्याच्या माळावर, आंब्याच्या कलमांत. वहिनींना मान वर करायला सवड नाही. माझ्यावर लक्ष ठेवायला कोणी उरलं नाही आणि माझ्या अंगात वारं भरलं.

तक्ता मी काटेकोर पाळला, हे आधी सांगते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, ठरलेल्या बाटल्या. एक दाणा रेती जास्त नाही. मधल्या दिवसांना विश्रांती, म्हणजे बाटल्यांना हात लावला नाही.

एका सकाळी डाव्या हातातल्या बांगड्या खाली सरकेनात. मला वाटलं उकाड्याने. चार दिवसांनी मनगटावर बांगड्यांचे वळ उठले. विलासनी पाहिलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी आम्ही शिंदे मॅडमसमोर.

मॅडमनी हात मोजला, दाबून पाहिला. तक्ता विचारला, वजनं विचारली. सगळं बरोबर. मग म्हणाल्या, "मधल्या दिवशी काय करता?"

"काही नाही. घरातलंच."

"घरातलंच म्हणजे?"

मी सांगायला लागले. पंपाची वीज सारखी जाते म्हणून विहिरीचं पाणी काढते. किती? लागेल तेवढं, पिंप भरेपर्यंत. कळशी कंबरेवर, डाव्या, कारण उजव्या हाताने दोर गुंडाळायचा असतो. कोकमं फोडून, मीठ-रस लावून, पराती उन्हात नेते आणि संध्याकाळी आत आणते. फणस फोडते. पडलेल्या झावळ्या ओढून गोठ्यात टाकते. लाकडं छपराखाली रचते. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला, कारण मॅडमचा चेहरा बदलत चालला होता.

"काकू," त्या म्हणाल्या, "ही विश्रांती?"

"पण मी वजन उचललंच नाही ना!"

मी हे मनापासून म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. बाटलीत रेती भरली की ते वजन. कळशी म्हणजे पाणी. तिला आमच्याकडे कोणी वजन म्हणत नाही. बाई कंबरेवर कळशी आणि हातात कळशी घेऊन येते आणि घरातला माणूस विचारतो, "दिवसभर काय केलंस?" तीही म्हणते, काही नाही. माझ्या आईने हेच म्हटलं, मीही हेच म्हणत आले. विलासनी घरी आल्यावर भरलेली कळशी काट्याला अडकवली. काट्याकडे बघून ते तिथेच पायरीवर बसले. माझ्या सगळ्यात जड बाटलीच्या कितीतरी पट.

हाताला पट्ट्या गुंडाळल्या गेल्या. वजनं बंद. वेळेवर आलात, उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. पण उतरेपर्यंतचे दिवस मी भीतीने काढले. हात असाच राहिला तर? रिपोर्टच्या दिवशी नव्हती इतकी भीती मला त्या पट्ट्यांची वाटली. कारण या वेळी बाहेरून कोणी काही केलं नव्हतं.

त्याच दिवसांत एजंटचा फोन आला. गणपतीनंतर जागा आहे. या वेळी नाही आलात तर दुसरा माणूस घेतो. आणि तुमच्या वयात परत कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. विलास "बघू" म्हणाले. मी आतून ओरडले, "बघू काय? जा म्हणून सांगा!"

त्यांनी फोन ठेवला. "तुझा हात असा असताना तुला टाकून जाऊ?"

"तुम्ही घरात असलात की मी आजारीच असते!" मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. "तुम्हाला बघितलं की मला आठवतं, की माझ्यासाठी कोणीतरी सगळं सोडून बसलंय. मला नाही सोसत ते."

ते पायरीवर टेकले. मग म्हणाले, "मला तुझ्या हाताची भीती नाही गो. हात होईल बरा. तुला थांबता येत नाही, त्याची भीती आहे. मी तिकडे समुद्रात, आणि तू इकडे काय काय उचलत असशील, या विचाराने मला डेकवर पाय ठेववणार नाही."

मी रागाने पट्ट्या गुंडाळलेला हात छातीशी धरून आत गेले. राग आला, कारण ते खरं बोलले होते.

मंगळवार

सूज उतरली. पूर्ण नाही म्हणता येणार, पण बांगड्या परत खेळायला लागल्या. पुन्हा छोट्या बाटलीपासून सुरुवात. या खेपेला मॅडमनी तक्त्यात कळशी घातली, परात घातली, फणस घातला. पाणी काढायचं तर ते बुधवारचं ओढणं धरायचं आणि त्या दिवशी डबा नाही. आज हे उचललं तर ते सोडायचं. आणि विश्रांती म्हणजे विश्रांती: चालायला जा, हात पाय मोकळे करा, पण ओझं नाही.

मी ही वजनं उचलून थकले नाही इतकी विश्रांतीने थकले. मंगळवारी सकाळपासून अंगाला मुंग्या. खाडीपर्यंत जायचं, परत यायचं. वहिनींच्या अंगणात बसून तांदूळ निवडायचे. तिथे त्या एकट्या पाट्यावर वाटण वाटत असायच्या आणि मी बघत असायची. एकदा तर मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. गणपतीत विसर्जनाआधी आरतीच्या सामानाचा जड पाट उचलायची वेळ आली, तो दरवर्षी मीच उचलते म्हणून घरातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि मी "तुम्ही घ्या" म्हटलं. कोणाला काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं.

हे वाचणाऱ्या बाईला माझं एवढंच सांगणं आहे. उचल. घाबरू नको, ठरवून उचल, दोन्ही अंगांनी उचल. पण तू जे काम म्हणून धरतच नाहीस ते आधी मोज. त्यानंतर बाटल्या भर.

गणपती गेले. एजंटला उत्तर द्यायचे दिवस संपत आले होते. विलास त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते आणि मीही तोंड घट्ट मिटलं होतं. त्या मंगळवारी ते पंपाची मोटर दुरुस्तीला घेऊन रत्नागिरीला गेले. मी भात लावला. पाणी उकळलं, तांदूळ नाचायला लागले, आणि गॅस संपला. तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून हाक आली. सिलेंडरवाला. आमचं घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, खाली, त्यामुळे तो नेहमी वरच ठेवून जातो. दुसरा संपलेला सिलेंडर आदल्याच दिवशी विलासनी वर नेऊन ठेवला होता. तो घेऊन, भरलेला ठेवून टेम्पो निघून गेला.

मी वर गेले. विलास बोटीवर असताना भरलेला सिलेंडर मी एकटीने उतरवायची, एकेक पायरी टेकवत. मी कड्याला हात लावला. कंबरेतून वाकले, पाठ सरळ. दोन्ही हातांनी जरा उचलून पाहिला असता तर उचललाही गेला असता, मला कळत होतं. खाली भात अर्धा शिजलेला. मंगळवार.

वहिनी पाखाडी चढून आल्या. "काय गो, बगत काय उभी ऱ्हायलीस? चल, दोघी उतरवू."

"नको वहिनी. आज माझी सुट्टी."

"सिलेंडरला काय म्हायती गो तुजी सुट्टी?"

"त्याला नसेल. मला आहे."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसत, पदर खोचत निघून गेल्या. मी खाली आले. भाताचं पातेलं झाकून ठेवलं. पोह्यांत ओलं खोबरं, कांदा, लिंबू घालून दडपे पोहे केले, फोडणीशिवायच, आणि पडवीत बसून खाल्ले. मग नुसतीच बसले. काय सांगू, प्रत्येक मिनिटाला त्या सिलेंडरकडे पाय ओढत होते. जीव अगदी वरखाली होत होता. पण उठले नाही.

दुपार कलताना वर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. रिक्षा गेली. पाखाडीवर पावलं वाजली नाहीत. मी वाट पाहिली. मग राहवलं नाही, म्हणून अंगणात येऊन वर पाहिलं.

विलास वरच्या पायरीवर उभे होते. मोटर खाली ठेवलेली, एक हात सिलेंडरवर, दुसऱ्या हातात फोन. मला वाटलं आता ओरडतील, हा अजून इथेच का म्हणून. ते फोनवर बोलत होते.

"होय, पाठवा तिकीट," ते म्हणत होते. "नाही, आता अडचण काही नाही. घरी बायको आहे ना. ती बघेल सगळं."

हे वाक्य ऐकायला मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. आणि ऐकलं तेव्हा "जाऊ नका" एवढेच दोन शब्द तोंडात आले. मी ते गिळले आणि ओरडले,

"अहो, भात कच्चा राहिलाय! आधी तो सिलेंडर घेऊन या खाली!"